डेल्बर्टचा गुडघा आणि गादी बाऊल

डेल्बर्ट पर्विसचा उजवा गुडघा त्याच्या मालकीचा नव्हता. तो मिसिसिपीतल्या हॅचर्स लँडिंग गावाच्या मालकीचा होता. १९८६ च्या डिसेंबरात गावानं तो एका बाऊल मॅचमध्ये ताब्यात घेतला आणि पुढं अडतीस वर्षं डेल्बर्टकडे नुसता सांभाळायला ठेवला.

झालं होतं असं. गावातल्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात डेल्बर्टचं काम चेंडू छातीशी धरून पळायचं. शेवटच्या वर्षी हंगाम बरा गेला म्हणून संघाला बाऊलचं बोलावणं आलं. बाऊल म्हणजे हंगाम संपल्यावरची मानाची मॅच. ती जिंकून पुढं कुठं जायचं नसतं आणि हरून काही गमवायचं नसतं, म्हणूनच बहुधा तिच्यात जीव तोडून खेळायचा रिवाज आहे. तिसऱ्या सत्रात दोन धिप्पाड गडी दोन बाजूंनी येऊन डेल्बर्टच्या पायावर पडले. डॉक्टरनं त्याला आत नेलं, सुई टोचली, पट्टी गुंडाळली आणि विचारलं, जमेल ना? डेल्बर्ट परत मैदानात आला, त्याच पायावर चार यार्ड पळाला, आणि मग त्याला स्ट्रेचरवर घालून बाहेर काढावं लागलं. ती मॅच संघ सतरा गुणांनी हरला. पण हे आता गावात फक्त डेल्बर्टलाच आठवत होतं. बाकीच्यांच्या आठवणीत त्या चार यार्डांचे दरसाल वाढत चाळीस झाले होते, आणि विजय तर केव्हाच होऊन गेला होता.

वसंतात दोन व्यावसायिक संघांची माणसं त्याला बघायला यायची होती. ती आली नाहीत. गावाला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचं गावानं त्याला एक पितळी पाटी देऊन कळवलं.

मग डेल्बर्टनं गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान टाकलं, कारण ते काम स्टुलावर बसून होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला असलेल्या वायनेलशी त्यानं लग्न केलं. गुडघ्याची चार ऑपरेशनं झाली. जिना चढताना तो डावा पाय वर टाकायचा आणि उजव्याला मागून ओढून घ्यायचा, हट्टी शेळीला ओढावं तसा. नाक्यावरच्या न्याहारीच्या हॉटेलात गल्ल्यामागं त्याचा स्ट्रेचरवरचा फोटो लावलेला होता. खाली लिहिलं होतं, ‘त्यानं सगळं दिलं.’ घेतलं कुणी, ते लिहिलं नव्हतं.

आता खरं सांगायचं तर डेल्बर्टला हे सगळं आवडायचं. वर्षातून एकदा संघाच्या चाहत्यांच्या क्लबाच्या न्याहारीला त्याला फुकट बिस्किटं, म्हणजे तिकडचे मऊ पाव, आणि ग्रेव्ही मिळे, नवी पोरं हात मिळवायला येत, आणि म्हातारे त्यांना सांगत, बघ, हा तो डेल्बर्ट पर्विस. एवढ्या सन्मानापुढं गुडघ्याचं काय मोठंसं? गुडघे काय, प्रत्येकाला दोन असतात.

अडतिसाव्या साली संघ पुन्हा चमकला. संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे, आणि एका पायावर उभं राहून डोळे मिटण्याच्या बाबतीत गाव त्या नावाला जागणारं होतं. सगळा हंगाम जकोबी गेदर्स नावाच्या एकवीस वर्षांच्या पोरानं ओढला होता. हे पोर चेंडू घेऊन पळायला लागलं की समोरच्यांची धरपकड म्हणजे वाऱ्याला मिठी मारण्याचा प्रकार. हेरन्सना पेन्साकोलाच्या बाऊलचं बोलावणं आलं. एक गाद्या बनवणारी कंपनी ती मॅच भरवत होती, त्यामुळं लोक तिला गादी बाऊलच म्हणत. जिंकणाऱ्या संघाच्या प्रत्येक खेळाडूला एक उशी मिळणार होती.

बोलावणं आलं आणि चारच दिवसांत कोच स्टॉकवेल टेक्सासच्या एका मोठ्या कॉलेजात निघून गेले. तिथं पगार तिप्पट होता. बाऊलपर्यंत थांबणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. गावानं समजून घेतलं. क्लबानं चेंडूच्या आकाराचा केक कापला, कोचच्या बायकोला फुलं दिली, आणि माणसानं आलेली संधी सोडू नये यावर तीन जणांनी भाषणं केली.

त्यानंतर आठवड्याभरानं जकोबीनं जाहीर केलं की तो बाऊल खेळणार नाही. एप्रिलात व्यावसायिक संघ फेरीफेरीनं कॉलेजची पोरं निवडणार होते, आणि जितकी वरची फेरी तितका पैसा जास्त. ऑक्टोबरात त्याचा घोटा एकदा मुरगळलेला होता, आणि जे काही मिळवायचं ते पायांवरच मिळवायचं होतं. त्यानं संघाचे आभार मानले, गावाचे मानले, देवाचे मानले. पण त्याच्यासाठी केक कुणी कापला नाही. कालपर्यंत ‘आपला जकोबी’ असलेला पोरगा सकाळच्या कॉफीपर्यंत ‘आजकालची ही पोरं’ झाला. न्हाव्याच्या दुकानात त्याला गद्दार म्हणून झालं, चर्चच्या पायरीवर स्वार्थी म्हणून झालं, आणि ज्यांनी उभ्या जन्मात सोफ्यावरून टीव्हीपर्यंतसुद्धा धाव घेतली नव्हती त्यांनी सांगितलं की आमच्या वेळी असं नव्हतं.

अशा वेळी गावाला आपल्या गुडघ्याची आठवण होणारच.

क्लबाचा अध्यक्ष हॉइट मॅक्लेन्डन स्वतः डेल्बर्टच्या दुकानात आला. हॉइट गाड्या विकायचा. कॉलेजात असताना तो बँडमध्ये झांज वाजवायचा आणि बोलताना मात्र ‘आम्ही खेळत होतो तेव्हा’ असं म्हणायचा. त्यानं एक रिकामी बादली उलटी करून तिच्यावर बसकण मारली आणि दोन गोष्टी मागितल्या. एक, डेल्बर्टनं त्या पोराच्या घरी जाऊन त्याला चार शब्द सांगावेत, कारण पोरगा दुसऱ्या कुणाचं ऐकण्यातला नव्हता. दोन, अठ्ठावीस तारखेला पेन्साकोलात मध्यंतराला डेल्बर्टचा सत्कार ठरला होता. मैदानाच्या मधोमध उभं राहून हात हलवायचा, एवढंच.

डेल्बर्टनं सांगितलं की सत्तावीस तारखेला त्याचा गुडघा बदलायचाय. तारीख वायनेलनं धरलेली होती. त्या वर्षी तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळं विम्यातला घरच्यांनी भरायचा वाटा आधीच भरून झालेला. एकतीस डिसेंबर उलटला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हॉइटनं मान हलवली, जशी तो गिऱ्हाइकानं जुन्या गाडीची किंमत सांगितल्यावर हलवत असे.

“अडतीस वर्षं टिकला ना तो गुडघा? मग अजून दोन महिने टिकेल,” तो म्हणाला. “सबंध गाव उभं राहून टाळ्या वाजवणार आहे, डेल्बर्ट.”

टाळ्यांचं नाव काढलं आणि डेल्बर्ट विरघळला. तारीख पुढं ढकलतो, असं तो बोलून गेला. घरी गेल्यावर वायनेलला मात्र यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जकोबीच्या घरी गेला. पोराची आई शरेल वृद्धाश्रमात कामाला होती. नुकतीच कामाची पाळी संपवून आली होती आणि उभ्यानंच कपड्यांच्या घड्या घालत होती. जकोबीनं दार उघडलं, ‘सर’ म्हणून आत घेतलं आणि घरातल्या सगळ्यांत मऊ, सगळ्यांत ठेंगण्या सोफ्यावर मानानं बसवलं. गोड चहाचा ग्लास हातात दिला.

डेल्बर्टनं चार शब्द सांगितले. पाठच होते ते. संघ म्हणजे कुटुंब, छातीवरचं संघाचं नाव पाठीवरच्या आपल्या नावापेक्षा मोठं, आज जे द्याल ते जन्मभर पुरतं. जकोबीनं मान खाली घालून सगळं ऐकलं. मध्ये एकदाही फोनकडं बघितलं नाही. मग त्यानं विचारलं, “सर, गुडघा गेला तेव्हा आवाज आला होता?”

अडतीस वर्षांत हे डेल्बर्टला कुणी विचारलं नव्हतं.

“आला,” तो म्हणाला. “ओली फांदी पिरगाळल्यासारखा. बँड वाजत होता, तरी मला ऐकू आला.”

“आणि तरी परत गेलात?”

गावासाठी, हे उत्तर डेल्बर्टच्या जिभेवर तयारच असायचं. पण शरेल घडी अर्धवट टाकून त्याच्याकडं बघत होती, आणि तिच्यासमोर ते बाहेर पडेना.

“लाज वाटली,” तो म्हणाला. “डॉक्टर दारात उभा, कोच घड्याळ बघतोय. तुझ्याएवढाच होतो मी. नाही कसं म्हणायचं ते मला येत नव्हतं.”

शरेलनं हातातला टॉवेल खाली ठेवला.

“मिस्टर डेल्बर्ट, मी रोज म्हाताऱ्यांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवते,” ती म्हणाली. “तुम्ही फाटकातून चालत आलात तेव्हाच कळलं मला, तुम्हाला कशासाठी धाडलंय ते. पण धाडणाऱ्यांनी माणूस चुकीचा निवडला.”

जकोबी मात्र आईच्या बाजूनं बोलला नाही. त्याला खेळायचं होतं. या पोरांबरोबर तो तीन वर्षं घाम गाळत होता, आणि त्याच्या जागी खेळणारा कोल्बी आता त्याचा फोनही उचलत नव्हता. आईशी यावरून त्याची तीनदा वादावादी झालेली. तो डेल्बर्टकडं वळला आणि म्हणाला, “तुम्ही म्हणालात तर खेळतो मी, सर. दुसऱ्या कुणाचं नाही, पण तुमचं ऐकेन.”

हॉइटला पाहिजे होतं ते सगळं तिथंच, त्या ठेंगण्या टेबलावर चहाच्या ग्लासाशेजारी मांडून ठेवलं होतं. डेल्बर्टनं फक्त एक शब्द बोलायचा होता. त्यानं पोराच्या पायांकडं बघितलं. अर्ध्या चड्डीत दोन गुडघे होते, धड, गुळगुळीत, आपलं काम निमूट करणारे. असल्या गंभीर गोष्टी बसून बोलू नयेत असं वाटून तो उठायला गेला.

आणि उठता येईना. सोफा खोल, गुडघा अडकलेला. एकदा जोर लावला, दोनदा लावला, चहा सांडला. शेवटी एका बाजूनं शरेलनं काखेत हात घातला, ती तर रोजचीच तरबेज, दुसऱ्या बाजूनं जकोबीनं धरलं, आणि गावाचा अभिमान मधोमध धरून दोघांनी उभा केला. डेल्बर्टला घाम फुटला होता. पोराच्या खांद्यावरचा हात त्यानं काढला नाही.

“घरी बस,” तो म्हणाला. “कुणी विचारलं तर सांग, पर्विसनं सांगितलं.”

संध्याकाळी वायनेल मासे तळत होती. डेल्बर्टनं तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या, पोराला काय सांगितलं ते, आणि त्याच्या आदल्या दिवशी हॉइटला काय कबूल केलं ते. पहिली तिनं शांतपणे ऐकली. दुसरीला तिनं कढईखालचा गॅस बंद केला.

“चौतीस वर्षं मी गावाच्या गुडघ्याशी संसार केला,” ती म्हणाली. “आपल्या लग्नातसुद्धा तू नाचला नाहीस. आता एक धातूचा का होईना, घरचा येऊ दे.”

डेल्बर्टनं ताट पुढं ओढलं. त्यानं मासे खाल्ले.

बुधवारी सकाळी क्लबाची न्याहारी होती. चाळीसेक माणसं, वाफाळलेली बिस्किटं, आणि खोली एवढीशी असूनही हॉइटच्या हातात माइक. त्यानं डेल्बर्टला उभं केलं आणि खुशखबर सांगायची विनंती केली. डेल्बर्टनं माइक घेतला नाही.

“मी त्याला खेळू नको म्हणून सांगून आलोय,” तो म्हणाला. “आणि मीही येत नाही. सत्तावीसला माझं ऑपरेशन आहे.”

 मग न्हाव्यानं समजावणीच्या सुरात सांगितलं की पाच मिनिटं उभं तर राहायचंय. दुसऱ्यानं विचारलं की गुडघा काय पळून चाललाय का. पळून जाणं हे त्या गुडघ्याच्या बाबतीत जरा अवघडच होतं, पण ते त्याच्या लक्षात आलं नसावं. हॉइट दुखावल्या आवाजात म्हणाला, “लोकांनी तिकिटं काढलीत, डेल्बर्ट. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.” टोपी उचलून डेल्बर्ट निघाला. त्या लांबलचक खोलीतून दारापर्यंत जायला त्याला बराच वेळ लागला, आणि त्याच्या त्या चालीकडं बघत सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की माणूस बदलला.

दोन दिवसांत हॉटेलातला फोटो गल्ल्यामागून निघाला आणि शौचालयाच्या बोळात लागला. मालकाचं म्हणणं असं की गल्ल्याची भिंत रंगवायचीय. ती अजून रंगवायचीच आहे. चर्चमध्ये एका बाईनं वायनेलला विचारलं की ऑपरेशन खरंच गरजेचं आहे का, की आजकाल सगळेच करतात म्हणून. वायनेलनं तिला देवाच्या घरी शोभेल असंच उत्तर दिलं, फक्त जरा मोठ्यानं.

गावातून पाच बसेस पेन्साकोलाला गेल्या. हॉइटला मात्र जाता आलं नाही. वर्षअखेरची विक्री ऐन भरात होती, आणि अशा वेळी दुकान सोडून मॅचला जाणं म्हणजे हातची संधी घालवणं. धंदा म्हटल्यावर समजून घ्यायला हवं.

सत्तावीसला डेल्बर्टचा गुडघा बदलला. अठ्ठावीसला दुपारी तो इस्पितळातल्या पलंगावर अर्धवट गुंगीत मॅच बघत होता तेव्हा जकोबी तळलेल्या कोंबडीचा डबा घेऊन दारात आला. घरी एकट्यानं बघवत नव्हतं, असं तो म्हणाला. वायनेलनं त्याला खिडकीजवळची खुर्ची दिली. पोरगा खुर्चीत पाच मिनिटंही टेकला नाही. कोल्बीच्या हातात चेंडू आला की हा खोलीभर येरझाऱ्या घालत त्याला रस्ता सांगायचा, बाहेरून जा, बाहेरून. आणि कोल्बी खरंच बाहेरून गेला. एकदा नाही, तीनदा, आणि तिन्ही वेळा थेट शेवटच्या रेघेपलीकडं. पहिल्या वेळी जकोबी एवढ्यानं ओरडला की परिचारिका धावत आली. तिसऱ्या वेळी तो खुर्चीत बसला, टोपी काढली आणि तिच्यानं तोंड पुसलं.

“वाईट वाटतंय?” डेल्बर्टनं विचारलं.

“हो, सर.”

“वाटणारच. ते काही जायचं नाही. पण त्यानं जिना चढायला अडत नाही.”

चौथं सत्र सुरू होत असतानाच व्यायाम करून घेणारी बाई डेल्बर्टला चालवायला आली. मॅच संपू दे, असं तो म्हणाला. तिनं ऐकलं नाही. ती अलाबामाची होती, तिला हेरन्सशी काही देणंघेणं नव्हतं. एका हाताला ती आणि दुसऱ्या हाताला जकोबी असा तो दारापर्यंत चालत गेला. दुखणं असं होतं की त्याच्या तोंडून चर्चमध्ये न शोभणारे शब्द निघाले. तो वळून पलंगाकडं येईतो हेरन्स जिंकले होते.

गावात आनंदीआनंद झाला. उशा आल्या. जकोबीवाचून आपलं काही अडलं नाही, हे लोकांना जिंकल्या जिंकल्या कळलं. मग त्याच्या नावानं तीन आठवडे शंख कशासाठी केला होता, हे मात्र कुणी विचारलं नाही. नवा कोच आला तेव्हा क्लबानं पुन्हा चेंडूच्या आकाराचा केक कापला.

एप्रिलात जकोबीला ओहायोतल्या एका संघानं घेतलं. वाटलं होतं त्यापेक्षा बराच खाली, चौथ्या फेरीत. न्हाव्याच्या दुकानात त्यावर एक अख्खा शनिवार गेला; बाऊल खेळला असता तर पहिल्या फेरीत गेला असता, असा निकाल लागला. शरेलनं वृद्धाश्रमाची नोकरी सोडली नाही, फक्त रात्रपाळ्या सोडल्या. आणि सप्टेंबरात पोरानं टीव्हीवर पहिल्यांदा चेंडू रेघेपार नेला त्याच्या दुसऱ्या दिवशी हॉइटच्या दुकानावर आडवा कापडी फलक झळकला, ‘आमचा जकोबी’. फलकाखाली लहान गाड्यांवर सूट होती.

डेल्बर्ट मे महिन्यापर्यंत काठीवर होता, जूनमध्ये काठीही गेली. नव्या गुडघ्यामुळं त्याची एक मोठी अडचण झाली. अपंगांची पाटी असल्यामुळं त्याची गाडी वर्षानुवर्षं मैदानाच्या अगदी दाराशी उभी राहायची. या साली डॉक्टरनं त्या पाटीच्या कागदावर सही करायला नकार दिला. पहिल्या मॅचला त्याला गाडी नदीकाठच्या शेतात लावावी लागली, सगळ्या जगाबरोबर, सव्वा मैल लांब.

वायनेलनं नवे बूट घातले होते. अर्ध्या वाटेत तिची टाच सोलली आणि ती थांबली. डेल्बर्ट दहा पावलं पुढं गेला होता. तिनं हाक मारून विचारलं की इतकं भराभरा चालायला त्याला कुणी सांगितलंय, मॅच काही पळून जात नाही. तो मागं आला. शेजारी एका अनोळखी कुटुंबानं मॅचआधीच्या जेवणासाठी उघड्या ट्रकच्या मागं चूल मांडली होती. त्यांनी वायनेलला बसायला खुर्ची दिली आणि डेल्बर्टच्या हातात कागदी बशीतून तळलेला मासा ठेवला. त्यानं तो उभ्यानंच खाल्ला, आणि वायनेलचे बूट काखेत मारून ती उठायची वाट बघत राहिला.